पान लागलं तर आधी श्वास सांभाळा

आपल्या भागात ‘साप चावला’ असे सहसा कुणी म्हणत नाही. ‘पान लागलं’ म्हणतात. दिवेलागणीनंतर सापाचे नाव तोंडातून काढू नये, ‘जनावर’ म्हणावे, हा जुन्या माणसांचा शिरस्ता. सांगली जिल्ह्यात तर बत्तीस शिराळ्यासारखे गाव आहे. तिथल्या नागपंचमीचा लौकिक साऱ्या देशात आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि पुढे न्यायालयाचे आदेश यांनी जिवंत नागांच्या खेळांना आळा घातला, पण नागाविषयीचा भक्तिभाव कमी झालेला नाही, आणि होऊही नये. मात्र भक्तीबरोबर थोडी माहितीही हवी. म्हणून या आठवड्यात एकच प्रश्न घेतो. पान लागलेला माणूस नेमका कशाने मरतो?

कुणीही म्हणेल, ‘विषाने, दुसरे काय?’ हे उत्तर अर्धेच बरोबर आहे, आणि उरलेले अर्धे ठाऊक नसल्यामुळे वाचू शकणारी माणसे जातात. मी भूलतज्ज्ञ आहे. भूल देणाऱ्या डॉक्टरने सापावर का लिहावे, असे वाचकांना वाटेल. पण आमच्या शास्त्राचा आणि सर्पदंशाचा संबंध फार जवळचा आहे. तोच आज सांगायचा आहे.

विषाच्या दोन वाटा

आपल्याकडे माणसे दगावतात ती मुख्यतः चार सापांमुळे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्तावर काम करते. रक्त गोठेनासे होते, हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाते, चावलेला भाग सुजतो, घोणशीच्या विषाने मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. नाग आणि मण्यार यांची वाट निराळी. त्यांचे विष मज्जातंतू आणि स्नायू जिथे एकमेकांना भेटतात त्या सांध्यावर बसते. मेंदूने दिलेला हुकूम स्नायूपर्यंत पोचत नाही. आधी पापण्या जड होतात, एकाची दोन दिसू लागतात, आवाज घोगरा होतो, थुंकी गिळता येत नाही, मान टाकली जाते. शेवटी छातीचे आणि श्वासपटलाचे स्नायू थकतात आणि श्वास थांबतो.

यात मण्यार फार फसवी. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात बारीक, वेदना जवळजवळ नाहीत, सूज नाही, कित्येकदा खूणही सापडत नाही. माणूस पहाटे उठतो तो पोटात कळ येते म्हणून किंवा उलटी होते म्हणून. घरच्यांना अपचन वाटते. ओवा, सोडा दिला जातो. तोवर पापण्या मिटू लागतात. ‘झोप पुरी झाली नाही वाटतं’ म्हणून त्याला पुन्हा आडवे केले जाते, आणि उजाडेपर्यंत श्वास मंदावलेला असतो.

आता महत्त्वाची गोष्ट. अशा रुग्णाचा श्वास थांबतो तेव्हा त्याचे हृदय चालू असते. मेंदू शाबूत असतो. तो हलू शकत नाही, डोळे उघडू शकत नाही, बाहुल्यासुद्धा मोठ्या होऊन प्रकाशाला दाद देत नाहीत. पाहणाऱ्याला तो गेलेला वाटतो, आणि तो मात्र कित्येकदा आजूबाजूचे रडणे ऐकत असतो. श्वास थांबल्यावर काही मिनिटांत प्राणवायूअभावी हृदय बंद पडते आणि मग मृत्यू खरा होतो. त्या काही मिनिटांत कुणी त्याच्यासाठी श्वास घेतला, आणि तसा तो दोन-चार दिवस, कधी त्याहून अधिक काळ घेत राहिला, तर तोच माणूस पुढे आपल्या पायांनी घरी जातो.

शस्त्रक्रियागृहात रोज होते ते

श्वास थांबलेल्या माणसाला जिवंत ठेवणे हा आम्हा भूलतज्ज्ञांचा रोजचा व्यवहार आहे. पोटाची मोठी शस्त्रक्रिया करताना स्नायू सैल लागतात. त्यासाठी आम्ही जे औषध देतो, ते नागाचे विष बसते त्याच जागी जाऊन बसते. रुग्णाचा श्वास आम्ही स्वतःहून थांबवतो, आणि नळीतून, पिशवी दाबून किंवा यंत्राने, त्याला श्वास देत राहतो. शस्त्रक्रिया संपली की निओस्टिग्मिन नावाचे औषध देऊन स्नायू पुन्हा जागे करतो. एरवी रोगी घाबरतो तो सुरीला, पण सुरी चालू असताना त्याचा प्राण या पिशवीत असतो.

हेच निओस्टिग्मिन, ॲट्रोपिनच्या जोडीने, नागाच्या दंशात फार उपयोगी पडते. मण्यारीच्या बाबतीत त्याचा भरवसा देता येत नाही, कारण तिचे विष मज्जातंतूच्या टोकालाच इजा करते. ते टोक पुन्हा सावरायला दिवस लागतात. प्रतिविष, म्हणजे सापाची लस, अंगात फिरणारे विष निकामी करते, पण झालेली इजा भरून काढत नाही. म्हणून मण्यारीच्या दंशात लस लवकर हवीच, पण माणूस तरतो तो श्वासावर.

गाढविणीपासून कोपनहेगनपर्यंत

ही विद्या एका दिवसात आली नाही. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणाच्या टोकाला क्युरारे नावाचे वनस्पतीचे विष लावत. बाण लागला की जनावर लुळे पडून श्वास बंद होऊन मरे. १८१४ मध्ये लंडनमध्ये चार्ल्स वॉटर्टन आणि शल्यविशारद ब्रॉडी यांनी एका गाढविणीला हे विष टोचले. तिचा श्वास थांबताच तिच्या श्वासनलिकेला छेद देऊन भात्याने वारा घालत राहिले, लोहार घालतो तसा. काही तासांनी विष उतरले आणि गाढवीण उठून उभी राहिली. ती पुढे पंचवीस वर्षे जगली. विष अंगात असतानाही श्वास चालू ठेवला तर प्राणी जगतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

आपल्या देशातल्या सापांवर कलकत्त्याच्या जोसेफ फेरर यांनी विस्तृत प्रयोग केले. त्यांचा ग्रंथ १८७२ मध्ये निघाला. नागाचे विष श्वास बंद पाडून मारते आणि कृत्रिम श्वास दिला तर हृदय पुष्कळ वेळ चालू राहते, हे फेरर आणि लंडनचे ब्रंटन यांनी त्याच दशकात मांडले. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी हे ज्ञान भारतात होते. नव्हते ते माणसाला तासन्‌तास श्वास देण्याचे सोपे साधन.

ते भूलशास्त्राने दिले. १९४२ मध्ये माँट्रियलला हॅरॉल्ड ग्रिफिथ यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी क्युरारे वापरले आणि श्वास हाताने चालवण्याचे कसब भूलतज्ज्ञांच्या अंगवळणी पडू लागले. मग १९५२ साल आले. डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांपैकी शंभरातले सत्त्याऐंशी दगावत होते. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाला बोलावले. त्याने बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी घातली, नळीला रबरी पिशवी जोडली आणि ती हाताने दाबू लागला. मुलगी वाचली. पण रुग्ण शेकडो, यंत्रे नाहीत. तेव्हा वैद्यकीय महाविद्यालयाचे सुमारे पंधराशे विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आज ज्याला आपण ‘आयसीयू’ म्हणतो त्या अतिदक्षता विभागाचा जन्म या पिशव्यांतून झाला.

चारच वर्षांनी, १९५६ मध्ये, त्याच देशात हेनिंग रुबेन हा भूलतज्ज्ञ आणि होल्गर हेसे हा अभियंता यांनी आपोआप फुगणारी पिशवी काढली. तीच आपली ‘ॲम्बू बॅग’. हिला वीज लागत नाही. सिलिंडर नसला तरी साध्या हवेवर चालते. दोन हात आणि थोडा सराव एवढेच लागते. तोंडाने श्वास देण्याची आजची पद्धत शास्त्राच्या कसोटीवर उतरवणारा पीटर सफर हाही भूलतज्ज्ञच. त्याने स्वयंसेवकांना क्युरारे देऊन, त्यांचा श्वास थांबवून, ती १९५० च्या दशकात सिद्ध केली.

घाट उतरला की महाड

हे सारे परदेशात झाले, आपल्या खेड्यांतून काय संशोधन होणार, असे म्हणणाऱ्यांसाठी एक जवळचे उदाहरण आहे. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून पोलादपूरच्या पुढे गेले की महाड लागते. तिथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी उभे आयुष्य विंचू आणि साप यांच्या रुग्णांत घालवले. लाल विंचू चावलेली धडधाकट पोरे हृदय निकामी होऊन, फुप्फुसात पाणी होऊन जात होती. बावस्करांनी खाटेशेजारी बसून दर थोड्या वेळाने रक्तदाब, नाडी, घाम, हातापायांचा गारठा टिपून ठेवला. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात आली. पुढे त्यांनी रक्तदाबाची साधी, स्वस्त प्राझोसिनची गोळी या रुग्णांना देऊन मृत्यूचे प्रमाण एकदम खाली आणले. मण्यार आणि नाग यांच्या दंशाचे खेड्यातल्या दवाखान्यात काय करावे, यावरही त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी २००४ मध्ये लिहिले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पुरस्कारापेक्षा त्यांची पद्धत मला मोलाची वाटते. रक्तदाबाचा पट्टा, घड्याळ, वही आणि रुग्णाशेजारी जागण्याची तयारी. यातले काय आपल्या ग्रामीण रुग्णालयात नसते?

अडते कुठे?

देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. २०२४ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्मे करण्याचे ठरवले. सर्पदंशाची नोंद सक्तीची करावी, असेही त्याच वर्षी राज्यांना कळवले. उद्दिष्ट चांगले आहे. पण ते दिल्लीच्या कागदावरून शिराळ्याच्या वारणाकाठी कसे उतरणार?

आमच्या दोन जिल्ह्यांचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. मोठे दवाखाने कराड, सातारा, सांगली, मिरजेला. मण्यार चावते पाटणच्या वाडीवस्तीवर, चांदोलीच्या कडेला, ऊसतोड कामगारांच्या कोपीत. तापोळा-बामणोलीच्या पलीकडे कांदाटी खोऱ्यातल्या माणसाला तर आधी कोयनेचे पाणी ओलांडावे लागते. रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचतो, तिथे लस टोचतात, आणि ‘पुढे न्या’ म्हणून चिठ्ठी देतात. यात चूक काही नाही. पण पुढचा तास-दीड तास त्याचा श्वास कोण पाहणार? माझ्या मते सगळा घोळ या एका तासात आहे. मोठ्या दवाखान्यात व्हेंटिलेटर वाट पाहत उभा असतो आणि माणूस घाटातल्या वळणावर जातो.

म्हणून माझे म्हणणे असे. लसीचा साठा किती, यावर आपण दरवर्षी बातम्या वाचतो, आणि त्या याव्यातच. पण त्याच्या जोडीने दुसरा प्रश्न विचारला पाहिजे: या केंद्रात चालू स्थितीतली ॲम्बू बॅग आहे काय, मोठ्यांचा आणि मुलांचा मास्क आहे काय, आणि ती दाबता येणारी माणसे किती? कपाटात कुलूपबंद, रबर कडक झालेली पिशवी ही नसल्यासारखीच.

माझे काही डॉक्टरमित्र म्हणतात, हे भूलतज्ज्ञांचे काम आहे, परिचारिकेच्या हाती कसे द्यायचे? मला हे पटत नाही. नळी घालणे हे कसबाचे काम आहे, मान्य. पण मास्क धरून पिशवी दाबणे शिकवता येते. एकाने दोन्ही हातांनी हनुवटी वर उचलून मास्क घट्ट धरायचा, दुसऱ्याने पाच-सहा सेकंदांनी एकदा पिशवी दाबायची आणि छाती वर येते का ते पाहायचे. पोटात हवा जाणे, उलटी श्वासनलिकेत जाणे हे धोके आहेत, पण श्वासच नसण्यापेक्षा मोठा धोका कुठला? कोपनहेगनचे विद्यार्थी काही भूलतज्ज्ञ नव्हते. खेड्यात भूलतज्ज्ञ मिळत नाही म्हणून बाळंतपणाच्या शस्त्रक्रियांसाठी शासनाने एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांत जीवरक्षक भूल शिकवण्याचा कार्यक्रम घेतलाच ना? श्वास देणे तर त्याहून सोपे. श्वासावर आमच्या शास्त्राची मक्तेदारी नाही, असू नये.

दुसरी अडचण भीतीची. लसीची रिॲक्शन येते, म्हणून काही ठिकाणी लस न देताच रुग्ण पुढे पाठवतात. भीती खोटी नाही. पण ॲड्रेनालिन सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवले, तर रिॲक्शन आटोक्यात आणता येते. वेळ गेली तर आणता येत नाही.

तेव्हा दोन्ही जिल्हा परिषदांनी आणि आरोग्य खात्याने तीन गोष्टी कराव्यात. पावसाळ्याआधी, मे महिन्यात, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर, परिचारिका आणि गाडीच्या चालकापर्यंत सर्वांना पुतळ्यावर पिशवी दाबण्याचा एक दिवसाचा सराव द्यावा. मिरज आणि कराडसारख्या ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालये आहेत, तिथले भूलशास्त्र विभाग हे सहज करू शकतील. दुसरे, मज्जातंतूवर परिणाम दिसणारा एकही रुग्ण पिशवी आणि ती दाबणारा माणूस सोबत दिल्याशिवाय पुढे पाठवू नये. २०१४ पासून राज्यात १०८ ची रुग्णवाहिका आहे, तिची हीच खरी कसोटी. तिसरे, प्रत्येक दंशाची नोंद ठेवावी: कधी चावला, कधी पोचला, पापण्या कधी मिटल्या, श्वास कुठे थांबला. पाच वर्षांच्या अशा वह्या एकत्र केल्या तर कुठे रस्ता हवा, कुठे गाडी हवी, हे मुंबईहून कुणी सांगायला नको.

पैशाचे म्हणाल तर, शेतकरी सर्पदंशाने गेल्यावर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून वारसांना २ लाख रुपये मिळतात. ते मिळालेच पाहिजेत. पण ॲम्बू बॅग काही हजारांत येते. मेल्यावर २ लाख देणाऱ्या व्यवस्थेला जिवंतपणी एवढे जड नसावे.

वाचकांनी काय करावे?

मान्सूनच्या दिवसांत जमिनीवर झोपू नका. खाट नसेल तर निदान मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचून झोपा. मण्यार आत येत नाही. रात्री बाहेर जाताना बॅटरी आणि पायात पायताण हवे. सरपण, गोवऱ्या उचलताना आधी काठीने हलवा.

पान लागलेच तर दोरी आवळू नका, ब्लेडने कापू नका, तोंडाने ओढू नका. कडुलिंबाचा पाला किंवा मिरची चारून चव पाहण्यात वेळ घालवू नका. माणसाला धीर द्या, चावलेला हात-पाय काठीच्या आधाराने स्थिर ठेवा, चालवू नका, आणि तडक दवाखाना गाठा. साप मारायची, धरायची गरज नाही. देवाला नारळ जरूर बोला, मांत्रिकाला मानत असाल तर त्यालाही गाडीत बसवून घ्या, पण गाडी दवाखान्याकडेच वळवा.

पहाटे अकारण पोटात कळ, उलटी आणि जोडीला पापण्या जड झाल्या, तर दंशाची खूण दिसो न दिसो, मण्यारीचा संशय धरा आणि डॉक्टरांना तसे सांगा. वाटेत लाळ गळू लागली तर कुशीवर वळवा. श्वास थांबला तर ‘गेला’ म्हणू नका. मान मागे करून, नाक चिमटीत धरून, तोंडाने श्वास द्या आणि देत राहा. नाडीही लागत नसेल तर छाती दाबा. या श्वासातून विष तुम्हाला बाधत नाही.

आणि पुढच्या ग्रामसभेत, रस्ते-गटारांच्या चर्चेनंतर, एक प्रश्न उभे राहून विचारा: आपल्या आरोग्य केंद्रातली ती पिशवी शेवटची कधी दाबून पाहिली? उत्तर आले नाही तर उत्तर मिळाले असे समजा, आणि पुन्हा विचारा.